चॉकलेट परत घेता का, काका?

डोंबिवलीचा फडके रोड घ्या नाहीतर ठाण्याचा नौपाडा, मोबाइलवरून पैसे देण्याची सवय लागेपर्यंत एक व्यवहार रोज कुठे ना कुठे व्हायचाच. सामान अठ्ठेचाळीस रुपयांचं, आपण पन्नासची नोट द्यायची आणि दुकानदार दोन रुपयांऐवजी दोन चॉकलेटं हातावर ठेवायचा. "सुट्टे नाहीत हो." वाद घालण्याइतकी रक्कम मोठी नसे, म्हणून आपण चॉकलेट घेऊन निघायचो.

आमच्या इमारतीतल्या एका पोराने ही चॉकलेटं खायची सोडून साठवली. वीस झाल्यावर तो त्याच दुकानात गेला, काउंटरवर ओतली आणि वीस रुपयांचं पेन मागितलं. दुकानदार आधी हसला, मग वैतागला. "चॉकलेट परत घेतं का कुणी?" पोराने विचारलं, "मग तुम्ही पैसे म्हणून का दिलीत?"

या प्रश्नाला दुकानदाराकडे उत्तर नव्हतं, आणि अर्थशास्त्राच्या बऱ्याच पुस्तकांत ते इतकं सरळ सापडत नाही. चॉकलेट पैसा का नाही? त्याला किंमत नाही म्हणून नव्हे. खाल्लं तर ते दोन रुपयांच्या नोटेपेक्षा गोडच लागतं. ते पैसा नाही, कारण देणारा ते परत घ्यायला बांधलेला नाही. चिठ्ठी एकाच दिशेने गेली की ती वस्तू झाली. फिरून मूळ माणसाकडे आली आणि त्याला ती नाकारता आली नाही, तर तो पैसा.

एखादी वस्ती, एखादा वॉर्ड, चार इमारतींचं संकुल आपलं स्वतःचं चलन चालवू शकतं का, हा प्रश्न ऐकायला खुळचट वाटतो. पण जगात अनेक ठिकाणी लोकांनी हे केलं आहे, एका ठिकाणी ते नव्वद वर्षं टिकलंही आहे. त्यामागची यंत्रणा समजून घ्यायला त्या पोराचा प्रश्न पुरेसा आहे.

पोळीभाजी, पंखा आणि गणित

डोंबिवलीतल्या कुठल्याही गल्लीत ही तीन माणसं भेटतील. पहिल्या काकू पोळीभाजी केंद्र चालवतात. मुलगा नववीत, गणितात कच्चा; शिकवणी लावायची आहे, पण या महिन्यात हात आखडता आहे. दुसऱ्या, समोरच्या इमारतीतल्या निवृत्त शिक्षिका. त्यांचा पंखा घरघरतोय, घरातल्या दोन दिव्यांची वायरिंग जळली आहे. पेन्शन येईपर्यंत थांबू, असं त्यांनी ठरवलंय. तिसरा इलेक्ट्रिशियन, एकटा राहणारा, महिनाअखेरीला काम कमी असलं की वडापाववर भागवणारा. त्याला घरगुती डबा हवा आहे.

तिघांकडे कौशल्य आहे, तिघांकडे वेळ आहे, तिघांची गरज एकमेकांपासून शंभर पावलांवर आहे. तरीही काहीच घडत नाही, कारण सुरुवात करायला कुणाच्याच खिशात तीनशे रुपये नाहीत. हे जरा विचित्रच नाही का? इंच संपले म्हणून सुताराने लाकूड कापायचं थांबवावं, तसं हे झालं.

सरळ अदलाबदल इथे चालत नाही. काकूंना शिक्षिका हव्यात, पण शिक्षिकांना डबा नको आहे, त्या स्वतःच्या घरी सुगरण आहेत. गरजांचं वर्तुळ पूर्ण होतं ते तिघांत मिळून, दोघांत नव्हे. हे वर्तुळ जोडायला फक्त एक वही लागते.

इलेक्ट्रिशियनने आठवडाभर डबा घेतला. वहीत त्याच्या नावावर उणे तीनशे, काकूंच्या नावावर अधिक तीनशे. काकूंनी मुलाची शिकवणी लावली. काकू शून्यावर, शिक्षिका अधिक तीनशे. शिक्षिकांनी पंखा आणि वायरिंग करून घेतलं. शिक्षिका शून्य, इलेक्ट्रिशियनही शून्य. तिघांची कामं झाली, वहीत कुणाचं काही देणं उरलं नाही आणि एक रुपयाही हलला नाही.

खरा व्यवहार इतका सोवळा नसतो, हेही सांगायला हवं. काकूंना गॅस आणि कणीक रोखीनेच आणावी लागते. पंख्याचा कंडेन्सर बाजारातून येतो आणि दुकानदार वही मानत नाही. म्हणून बहुतेक ठिकाणी नियम असा पडला: सामान रुपयांत, मेहनत वहीत. तीनशेच्या डब्यात दोनशे रुपये रोख आणि शंभर वहीवर. एवढ्यानेही अडलेलं काम हलतं.

उणे असल्याशिवाय अधिक नाही

कॅनडाच्या पश्चिम टोकाला व्हँकूव्हर बेटावर कोर्टनी नावाचं छोटं गाव आहे. तिथला रोजगार आटला तेव्हा, १९८३ मध्ये, मायकल लिंटन याने नेमकी अशी वही सुरू केली. तिला 'लेट्स' म्हणतात, म्हणजे स्थानिक देवाणघेवाणीची व्यवस्था. नोट नाही, नाणं नाही. प्रत्येक सभासदाचं एक खातं, आणि प्रत्येकाला शून्यावरून सुरुवात. एकाच्या खात्यात जेवढं अधिक होतं तेवढंच दुसऱ्याच्या खात्यात उणे. साऱ्या गावाची बेरीज केव्हाही केली तरी शून्य.

यात चलन कोण छापतं? कुणीच नाही, किंवा प्रत्येक जण. ज्या क्षणी इलेक्ट्रिशियन डबा घेतो, त्या क्षणी चलन जन्माला येतं, आणि तो पंखा दुरुस्त करतो त्या क्षणी ते मरतं. आपण वाण्याला "मांडून ठेवा" म्हणतो तेव्हा हेच करतो. फरक इतकाच की वाण्याची वही दोघांपुरती असते आणि ही वही साऱ्या गल्लीची.

इथे आपल्याकडच्या मध्यमवर्गाची एक मोठी अडचण आहे, आणि ती अर्थशास्त्राची नव्हे, संस्कारांची आहे. उधारी म्हणजे लाज. अशा मंडळात नाव घालायला सांगितलं की माणसं उत्साहाने म्हणतात, "मी संस्कृत शिकवीन, मी बँकेची कामं करून देईन." काय घेणार, विचारलं की, "आम्हाला काही नको हो." सगळे देणारे आणि घेणारा कुणी नाही, तर वही कोरीच राहते. कुणीतरी उणे झाल्याशिवाय दुसरा अधिक होऊच शकत नाही. अशी योजना चालवणाऱ्याचं सगळ्यात अवघड काम म्हणजे लोकांना घ्यायला लावणं. द्यायला लावणं त्यापुढे सोपं.

पाळणाघराची कूपनं

अधिकाची हाव काय करते, याची प्रसिद्ध गोष्ट वॉशिंग्टनमधली आहे. तिथल्या कॅपिटॉल हिल भागातल्या सुमारे दीडशे जोडप्यांनी एकमेकांची मुलं सांभाळायचं मंडळ काढलं होतं. एक कूपन म्हणजे अर्ध्या तासाचं सांभाळणं. तुम्ही बाहेर गेलात की कूपन द्यायचं, दुसऱ्याचं मूल सांभाळलंत की मिळवायचं. जोन आणि रिचर्ड स्वीनी या दांपत्याने त्याची हकिगत १९७७ मध्ये एका अर्थशास्त्राच्या नियतकालिकात लिहिली.

मंडळ मध्येच ठप्प झालं. कूपनं थोडी होती, आणि प्रत्येकाला वाटत होतं की अडीनडीला चार कूपनं गाठीशी असावीत. म्हणून सगळे मुलं सांभाळायला तयार, बाहेर जायला कुणीच तयार नाही. पण कुणी बाहेर गेलं नाही तर सांभाळायला मूल कुठून येणार? माणसं तीच, मुलं तीच, हौस तीच, तरी मंदी आली. सभासदांत वकील भरपूर. त्यांनी नियम सुचवला की ठरावीक काळात प्रत्येकाने एकदा तरी बाहेर गेलंच पाहिजे. अखेर जास्तीची कूपनं वाटली तेव्हा गाडी रुळावर आली. पुढे कूपनं जादा झाली आणि उलटा त्रास सुरू झाला: सगळ्यांना बाहेर जायचंय, सांभाळायला कुणी नाही.

देशाच्या रिझर्व्ह बँकेपुढचा प्रश्न पाळणाघराएवढा करून दाखवणारं याहून सोपं उदाहरण मला माहीत नाही. चलन किती असावं, याला एकदाचं असं उत्तर नसतं, रोज वहीकडे पाहावं लागतं.

नासणारी नोट

साठवणूक मोडायचा एक वेगळाच उपाय ऑस्ट्रियातल्या व्योर्गल गावाने १९३२ मध्ये केला. जागतिक मंदी, गावात बेकारी, नगरपालिकेचा कर थकलेला. महापौर मिखाएल उंटरगुगेनबर्गर यांनी जुलैच्या शेवटी गावापुरत्या नोटा काढल्या. त्या फुकट छापलेल्या नव्हत्या, तेवढेच शिलिंग बँकेत ठेवले होते. पण या नोटेची गंमत अशी की ती दरमहा एक टक्क्याने उतरायची. महिना संपला की तिच्यावर एक टक्का किमतीचं तिकीट विकत घेऊन चिकटवायचं, तरच ती चालणार.

सकाळचं दूध संध्याकाळपर्यंत नासणार हे माहीत असलं की आपण ते साठवत नाही. चहा करतो, दही लावतो, शेजारी देतो. नोटेचंही तसंच झालं. जो तो महिनाअखेरीआधी ती पुढे सरकवायला धावू लागला. नगरपालिकेने मजुरी या नोटांत दिली, दुकानदारांनी घेतल्या, आणि दुकानदारांनी त्या कर भरायला वापरल्या, थकबाकीसकट. त्याच नोटा मग पुन्हा मजुरीत. रस्ते झाले, पूल झाला.

या प्रयोगाचं कौतुक करणारे सगळे त्या उतरत्या तिकिटाबद्दल बोलतात. मला त्यातली दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची वाटते. नगरपालिका त्या नोटा करात परत घ्यायची. फडके रोडवरचा दुकानदार चॉकलेट परत घ्यायला तयार असता, तर तीसुद्धा चालली असती. सप्टेंबर १९३३ मध्ये ऑस्ट्रियाच्या मध्यवर्ती बँकेच्या आग्रहावरून व्योर्गलचा प्रयोग बंद पडला. नोटा फसल्या नव्हत्या, पण नोटा काढायचा अधिकार कुणाचा, हा वाद गावाला परवडणारा नव्हता.

शेजारच्या स्वित्झर्लंडमध्ये १९३४ मध्ये छोट्या व्यावसायिकांनी 'वीर' नावाचं मंडळ काढलं. तिथे नोटा नव्हत्या, आपसातली खाती होती, बिल थोडं फ्रँकमध्ये आणि थोडं वीरमध्ये. ते पुढे बँक झालं आणि अजून चालू आहे. मंदीत फ्रँक मिळेनासे झाले की वीरमधले व्यवहार वाढतात, असं अभ्यासकांना दिसलं आहे. म्हणजे हे चलन मुख्य चलनाशी भांडत नाही. घरात इन्व्हर्टर असतो, तसं ते आहे. वीज गेली की त्याची आठवण येते.

लोकलमध्ये न चढणारा पैसा

ठाणे-कल्याणच्या पट्ट्यात अशा गोष्टीचं काम काय? इथली कमाई बहुतांशी लोकलने येते. माणूस सकाळी मुंबईकडे जातो, पगार घेऊन परत येतो, आणि पगारातला मोठा भाग घराच्या हप्त्यातून, मॉलमधून, घरपोच येणाऱ्या खोक्यांतून पुन्हा गावाबाहेर जातो. गल्लीतल्या शिंप्यापर्यंत, काकूंच्या केंद्रापर्यंत थोडाच झिरपतो. टाकीत पाणी येतं, पण तळाला भोकं. स्थानिक चलनामागची कल्पना हीच की काही पैसा असा असावा, ज्याला लोकलमध्ये चढताच येत नाही.

हे केल्याने गाव श्रीमंत होतं का? थोडं जपून बोललेलं बरं. इंग्लंडमध्ये ब्रिस्टल शहराने २०१२ मध्ये 'ब्रिस्टल पाउंड' काढला. महापौरांनी आपला पूर्ण पगार त्यात घेतला, वर्तमानपत्रांनी कौतुक केलं. २०२१ पर्यंत तो गुंडाळला गेला. माझ्या मते त्याचा कच्चा दुवा असा: तो मिळवायला आधी साधा पाउंड द्यावा लागे. म्हणजे ज्याच्याकडे पैसा आहे तोच त्यात शिरणार. काकूंच्या, शिक्षिकांच्या आणि इलेक्ट्रिशियनच्या अडचणीवर त्याचं काही औषध नव्हतं. जुन्या पैशाला नवा सदरा घातला, इतकंच.

आपल्या जिल्ह्यातही एक सदरा बदलला होता. नोटाबंदीनंतर, डिसेंबर २०१६ च्या सुरुवातीला, मुरबाड तालुक्यातलं धसई हे महाराष्ट्रातलं पहिलं रोकडविरहित गाव म्हणून जाहीर झालं. तेव्हाचे अर्थमंत्री सुधीर मुनगंटीवार आले, बँक ऑफ बडोदाने कार्डयंत्रं दिली, स्वातंत्र्यवीर सावरकर स्मारकाने पुढाकार घेतला. वडापावच्या गाडीवरही कार्ड चालतं, असे फोटो छापून आले. पुढच्या काळात गाव बऱ्यापैकी रोखीकडे परतलं. चांगला-वाईट तो वेगळा भाग, पण तो पर्यायी चलनाचा प्रयोग नव्हता. पाण्याचं भांडं बदललं होतं, विहीर तीच.

याच्या उलट २०१३ मध्ये केनियातल्या मोम्बासा शहरात झालं. तिथल्या एका झोपडपट्टीचं नावच 'बांगलादेश'. भाजीवाल्या, पाणीवाले, शिंपी अशा छोट्या विक्रेत्यांनी एकमेकांच्या हमीवर 'बांगला-पेसा' नावाच्या चिठ्ठ्या काढल्या. आधी पैसे द्यायची अट नाही; चौघे तुमची हमी घेतात का, एवढाच प्रश्न. पोलिसांनी चालवणाऱ्यांना अटक केली, पुढे आरोप मागे घेतले गेले, आणि कल्पना वाढत जाऊन मोबाइलवर आली. ब्रिस्टलपेक्षा हे आपल्याला जवळचं आहे, आणि ते फक्त गरिबीमुळे नव्हे.

वही कुणाच्या हातात?

आता कुणीतरी म्हणणारच की हे सगळं आपल्याकडे होतंच. होतं. भात आवणीच्या दिवसांत आज तुझ्या शेतावर पाच माणसं, उद्या माझ्या शेतावर पाच, ही सावड. ती फेडावी लागते, आणि कुणी फेडली नाही हे साऱ्या गावाच्या लक्षात राहतं. तासाला तास मोजणारी आजची 'वेळ-बँक' ती हीच, फक्त तिची वही माणसांच्या डोक्यात होती.

बलुतंही पैशाविना चालायचं. सुताराने, लोहाराने, कुंभाराने वर्षभर काम करायचं आणि सुगीला धान्यातला वाटा घ्यायचा. जुन्या गावाचं गोडवे गाणारं चित्र इथे थांबतं. पण महार वतनदाराला कोणत्याही वेळी कोणत्याही कामाला बोलावता येई, मोबदला काय आणि किती हे ठरवणारा दुसराच असे, आणि काम नाकारायची सोय नव्हती. डॉ. आंबेडकरांनी १९२८ मध्ये मुंबईच्या कायदेमंडळात महार वतनाच्या सुधारणेचं विधेयक आणलं. कनिष्ठ ग्रामवतनं रद्द व्हायला १९५८ साल उजाडलं. रुपयाच्या प्रश्नावर ग्रंथ लिहिणाऱ्या या अर्थतज्ज्ञाला पुरतं कळलं होतं की रोख मजुरी ही काही माणसांसाठी सुटका असते. नोटेवर जात लिहिलेली नसते.

ठाणे जिल्ह्याची आठवण तर याहून कडू आहे. डहाणू, तलासरी, उंबरगाव तेव्हा याच जिल्ह्यात. पावसाळ्यात घरातलं धान्य संपलं की वारली माणसाने सावकाराकडून खावटी घ्यायची, सुगीला दीडपट-दुपटीने फेडायची. लग्नासाठी कर्ज काढलं तर नवरा-बायको दोघं 'लग्नगडी' म्हणून सावकाराच्या घरी राबायची. पैसा फारसा कुठेच नाही, सगळा व्यवहार धान्याचा आणि श्रमाचा. फेड किती झाली आणि किती उरली, हे फक्त सावकाराच्या वहीला ठाऊक, आणि ती वही वारल्याला वाचता येत नसे. १९४५ मध्ये गोदावरी आणि शामराव परुळेकरांच्या साथीने वारली उठले ते या वेठीविरुद्ध.

म्हणून कुणी पर्यायी अर्थव्यवस्था काढतो म्हणाला की मी चलनाचं नाव किंवा चिन्ह विचारत नाही. वही कुणाकडे राहणार आणि ती सगळ्यांना दिसणार का, एवढं विचारतो. लेट्समध्ये कुणाही सभासदाला दुसऱ्याची शिल्लक पाहता येते. खावटीत आणि लेट्समध्ये दोन्हीकडे रुपया नाही, दोन्हीकडे उधारी आहे. अंतर पडतं ते या उघड्या पानाने.

एकाच दिशेने वाहणाऱ्या चलनाचंही एक उदाहरण आपल्याकडे आहे. १९२४ च्या बेळगाव अधिवेशनात, गांधीजी अध्यक्ष असताना, काँग्रेसने सभासद वर्गणी सुतात ठेवली: दरमहा दोन हजार वार. कल्पना सुंदर, ज्याला हात आहेत त्याला वर्गणी आहे. पण सूत सभासदाकडून काँग्रेसकडे जायचं, उलट यायचं नाही. सूत देऊन सभासदाला बाजारात काही घेता येत नसे. शिवाय एकाचं सूत बारीक, एकाचं जाड. पुढच्याच वर्षी चार आणे किंवा सूत असा पर्याय द्यावा लागला.

भिशीने काय शिकवलं

आपल्या पट्ट्यात उघड्या वहीची शाळा आहे ती भिशी. (भिवंडीत यंत्रमाग कामगारांच्या खानावळीलाही भिशी म्हणतात, पण ती गोष्ट वेगळी, जरी तिथेही महिनाभर उधारीवरच जेवण असतं.) बारा बायका, दरमहा हजार रुपये, चिठ्ठी काढायची आणि जिचं नाव निघेल तिला बारा हजार. जिला पहिल्या महिन्यात 'भिशी लागली' ती खरं तर कर्जदार, जिला शेवटी लागली ती ठेवीदार, मधल्या अर्ध्या-अर्ध्या. व्याज नाही, तारण नाही, कागद नाही. बाराही जणींच्या देखत पैसे मोजले जातात, म्हणून ती चालते.

याच मुशीतून मोठ्या संस्थाही उभ्या राहिल्या. डोंबिवली नागरी सहकारी बँक १९७० ची, ठाणे जनता १९७२ ची, कल्याण जनता १९७३ ची. तीन-चार वर्षांत तीन शेजारगावांत तीन बँका, हा योगायोग म्हणता येणार नाही. चाळींत आणि नव्या सोसायट्यांत राहायला आलेल्या नोकरदारांना आपल्या ठेवी आपल्याच गावात फिराव्यात असं वाटत होतं.

पण भिशी आणि बँक दोन्ही रुपयांवर चालतात. ज्याच्याकडे दरमहा हजार नाहीत, तो भिशीच्या दाराबाहेर. वहीचं चलन नेमकं तिथून पुढचं काम करतं, जिथे माणसाकडे हजार रुपये नसतात पण चार तास असतात.

चौकट: कायद्याची कुंपणं

• रिझर्व्ह बँक कायदा, १९३४, कलम ३१: 'धारकास मागताच देय' असा वचनपत्राचा कागद रिझर्व्ह बँक आणि केंद्र सरकार यांच्याशिवाय कुणी काढू शकत नाही. म्हणून हातोहात फिरणारी छापील चिठ्ठी धोक्याची. नावावरची नोंद त्या मानाने सुरक्षित.
• नाणे कायदा, २०११: पैसा म्हणून वापरायला धातूचे तुकडे पाडता येत नाहीत.
• देयक व तडजोड प्रणाली कायदा, २००७: एका दुकानाचं कूपन त्याच दुकानात चाललं तर परवानगी लागत नाही. दहा दुकानं एकमेकांची कूपनं घेऊ लागली की प्रश्न बदलतो.
• अनियंत्रित ठेव योजनांवर २०१९ पासून कायद्याने बंदी आहे. म्हणून रुपये घेऊन त्याबदल्यात वहीतले पॉइंट देऊ नयेत, अनामतही घेऊ नये.
• व्यवसाय म्हणून केलेली अदलाबदल जीएसटीच्या व्याख्येत बसते. शेजारधर्म आणि धंदा यांच्यातली रेघ सनदी लेखापालाला विचारून आखावी.

सुरुवात कुठून करायची

नाव, बोधचिन्ह, उद्घाटन, पाहुणे, यांपासून नक्कीच नाही. आधी दोन रकान्यांचा कागद घेऊन घरोघर जायचं: काय देऊ शकता आणि काय हवं आहे. दुसरा रकाना भरल्याशिवाय घराबाहेर पडायचं नाही. मग वर्तुळं जुळतात का ते पाहायचं. तीस घरांतून वीस जण शिकवणीच देणार असतील, तर ते मंडळ नव्हे, क्लास झाला. नळ दुरुस्त करणारा, शिवणारी, दवाखान्यात सोबत जाणारा, भाजी निवडून देणारी अशी विविधता हवी. वाण्याला सुरुवातीलाच ओढू नये. त्याच्याकडे सगळ्यांचे पॉइंट जमतील आणि त्याला ते कुठेच खर्च करता येणार नाहीत; पोराच्या चॉकलेटांसारखे ते गल्ल्यात पडून राहतील.

आपल्याकडे सगळ्यात सोपं दार बहुधा वेळ-बँकेचं आहे. जपानमध्ये तेरुको मिझुशिमा यांनी १९७३ मध्ये ओसाकात श्रमबँक सुरू केली; घरकाम, सोबत, आजारपण, सगळं तासांत. पुढे अमेरिकेत एडगर कान यांनी तशीच कल्पना रुजवली. तास सर्वांचा सारखा, डॉक्टरचा आणि धुणंभांडी करणारीचाही. यावर डॉक्टर नाराज होतात, आणि बाजारभावाने पाहिलं तर त्यांचं बरोबर आहे. पण बाजारात जे काम विकतच मिळत नाही, त्याला बाजारभाव कुठून लावणार? मुलगा पुण्याला, मुलगी कॅनडात, आणि मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेनंतर घरी सोडायला कुणी नाही, हे ठाणे-डोंबिवलीतल्या किती ज्येष्ठ नागरिक संघांत रोज ऐकू येतं. फक्त एक सावधगिरी: आज साठीत जमवलेले तास ऐंशीत मिळतीलच, अशी हमी कुणी देऊ नये. तेव्हा तरुण सभासद किती असतील, हे आजची वही सांगू शकत नाही. तास वर्ष-दोन वर्षांत वापरून टाकावेत, दुधासारखे.

महिन्याला सर्वांची शिल्लक जिन्यातल्या फळ्यावर लावायची. अधिकालाही मर्यादा, उण्यालाही. उण्याची मर्यादा सगळ्यांना पटते. अधिकाचीही हवी, हे पाळणाघराच्या गोष्टीनंतर पटायला हरकत नाही.

उरला तो प्रश्न, जो पहिल्याच सभेत कुणीतरी मागच्या रांगेतून विचारतोच: उणे आठशेवर असलेला माणूस घर सोडून गेला तर? त्याचा तोटा कुणा एकाला होत नाही. ज्यांनी त्याच्यासाठी काम केलं त्यांचे पॉइंट शाबूत राहतात, पण त्या पॉइंटांमागचं एक काम कमी झालेलं असतं, आणि ती झीज सगळ्यांत वाटली जाते. आठशेची मर्यादा असेल आणि मंडळ चाळीस घरांचं असेल, तर घरामागे वीस पॉइंट. प्रत्येक व्यवहारावर अगदी थोडी वर्गणी कापून ही झीज आधीच बाजूला काढता येते.

मग सभेत दुसरा कुणी सुचवतो की भाडेकरूंना घेऊच नये, अकरा महिन्यांच्या करारावरची माणसं, कधीही जातात. सूचना समंजस वाटते. पण आपल्या गोष्टीतला इलेक्ट्रिशियन भाड्याने राहतो आणि पोळीभाजीच्या काकूही. त्यांना वगळलं की वहीत फक्त घरमालक उरतात, सगळ्यांचे पंखे घरघरत असतात, आणि शिडीवर चढणारा कुणी नसतो.